टनामागे दीड रुपया

सकाळी 9:15. टोकियोतल्या नागाताचो स्थानकातून वर आलं की समोर जपानची संसद, शेजारी राष्ट्रीय संसद ग्रंथालय. साडेनऊला दार उघडतं. दप्तर लॉकरमध्ये, आत न्यायचं ते पारदर्शक पिशवीत.

10:00. सध्या विषय एकच: 1893 साली निप्पॉन युसेन कंपनीनं सुरू केलेली कोबे-मुंबई जहाजसेवा. मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांना पोचवण्यात तोवर पी. अँड ओ. ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्यांचीच सद्दी होती. जमशेटजी टाटा जपानी उद्योगपती शिबुसावा एइइचींना भेटले आणि ती मोडली, ही गोष्ट आवडीनं सांगतात. मला ती अर्धीच वाटते.

11:00. शिबुसावांच्या चरित्रसाधनांचे 68 खंड आहेत. छापील मजकूर सरकतो. त्या काळची हस्तलिखित पत्रं कुंचल्याच्या एका ओढीत लिहिलेली. मोडी वाचलेल्यांना ही शिक्षा ओळखीची आहे. दुपारपर्यंत दीड पत्र.

12:30. ओनिगिरी, चहा.

2:00. मुंबईत साडेदहा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसलेल्या विद्यार्थिनीचा फोन. "मॅडम, पी. अँड ओ.नं भाडं कितीवर आणलं? इकडच्या पुस्तकांत टनामागे 1.8 रुपये आहे, तुमच्या टिपणात 1.5." मला वाटतं, मूळ आकडा '1-8' असावा: एक रुपया आठ आणे. आण्यांचा हिशेब विसरलेल्या कुणीतरी मध्ये दशांशचिन्ह टाकलं असणार. तिला म्हटलं, "मूळ कागद सापडेपर्यंत दोन्ही लिहून ठेव."

3:30. खरा प्रश्न इथे आहे. स्पर्धा मोडायला पी. अँड ओ.नं भाडं एवढं पाडल्यावर मुंबईचे व्यापारी टाटांच्या जहाजांना सोडून गेले. टाटांनी भाड्यानं आणलेली 'अ‍ॅनी बॅरो' आणि 'लिंडिसफार्न' ही जहाजं परत पाठवावी लागली. जपानी गिरण्या मात्र फुटल्या नाहीत. माल निप्पॉन युसेनलाच देऊ, असं त्यांच्या संघानं लेखी कबूल केलं होतं. मैत्रीपेक्षा हा कागद मोलाचा. विल्यम रे यांचं 1984 चं मित्सुबिशी आणि निप्पॉन युसेनवरचं पुस्तक म्हणूनच टेबलावरून हलत नाही: ते नायकांपेक्षा करार आणि हिशेब बघतं.

5:00. वाचनकक्ष सोडून संगणकावर संसदेची जुनी इतिवृत्तं. सुताचा निर्यातकर 1894 मध्ये गेला, कच्च्या कापसाचा आयातकर 1896 मध्ये. त्याच वर्षी जहाज कंपन्यांना अनुदान देणारा कायदाही आला. आयातकर उठवायला कापूस पिकवणाऱ्या जपानी शेतकऱ्यांचा विरोध होता. ते हरले, पुढे जपानमधलं कापसाचं पीक जवळपास संपलंच.

7:30. घरी लिखाण. शेतकऱ्यांसाठी दोन पानं गेली. टाटा-शिबुसावा भेटीला एक परिच्छेद पुरला.