मालागोलाणुजन्य संक्रामणे : प्रादेशिक रोगपरिस्थिती

माळेप्रमाणे जोडलेल्या मालागोलाणू (स्ट्रेप्टोकॉकस) या सूक्ष्मजंतूंमुळे होणारा रोगसमूह. या जंतूंना टेओडोर बिलरोट यांनी १८७४ मध्ये नाव दिले. रेबेका लॅन्सफील्ड यांनी १९३३ मध्ये त्यांचे गट पाडले. मानवी रोगांच्या दृष्टीने त्यांपैकी ‘अ’ गट विशेष महत्त्वाचा आहे.

या गटाचे जंतू मुख्यत्वे घशात व त्वचेत रोग उत्पन्न करतात. घशाचे संक्रामण ५ ते १५ वर्षे वयात अधिक आढळते व खोकला, शिंक यांतून उडणाऱ्या तुषारांवाटे पसरते. योग्य उपचार न झाल्यास सु. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिज्वर होतो. जंतूंविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे हृदयाच्या ऊतकांवरही परिणाम करतात आणि झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. त्वचेवरील पुवाळलेल्या फोडांनंतर वृक्कशोथ उद्‌भवण्याचा संभव असतो. [⟶ संधिज्वर].

संधिज्वर हा थंड प्रदेशांतील रोग होय, असा पूर्वी समज होता. तथापि त्याचा खरा संबंध दाट वस्ती, अपुरे घर व उपचारांतील विलंब यांच्याशी आहे. पाश्चात्त्य देशांत राहणीमान सुधारताच, पेनिसिलीन येण्यापूर्वीच, त्याचे प्रमाण घटू लागले होते. सोलापूरसारख्या उष्ण, कोरड्या जिल्ह्याचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली व गिरण्यांभोवती कामगारांच्या दाट वस्त्या वाढल्या. शहराच्या दक्षिणेस असलेले होटगी हे रेल्वे जंक्शन आहे. अशा परिसरात शाळा व एका खोलीत झोपणारे कुटुंब ही संक्रामणाची प्रमुख ठिकाणे ठरतात.

घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन दिल्यास संधिज्वर बहुधा टळतो. ‘अ’ गटाचे जंतू अद्याप पेनिसिलिनाला दाद देतात. एकदा संधिज्वर झालेल्यास दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनाचे अंतःक्षेपण अनेक वर्षे द्यावे लागते. मुलाला बरे वाटू लागले की मजुरी बुडवून दवाखाना गाठणे कुटुंबाला अनावश्यक वाटते. परंतु खंड पडल्यास रोग उलटतो व झडपांची हानी वाढते. मुलींमध्ये ती हानी पुष्कळदा पुढे गरोदरपणी उघड होते व जिवावर बेतते. म्हणून सोलापूर भागात ही माहिती मराठीबरोबर कन्नड व तेलुगू भाषांतूनही देणे इष्ट आहे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीत संधिज्वरजन्य हृद्‌रोगाचा समावेश आहे. ‘अ’ गटाविरुद्ध वापरात असलेली लस अद्याप नाही. त्यामुळे वेळेवर उपचार व नियमित अंतःक्षेपण हेच प्रतिबंधाचे मुख्य उपाय होत.