अंधांच्या व्यायामाला हवी डोळस सोबत

अंध व्यक्तींच्या व्यायामाआड दृष्टिहीनतेपेक्षा भोवतालच्यांची भीतीच अधिक येते. 'पडेल, लागेल' या काळजीपोटी अंध मुलाला मैदानाच्या कडेला बसविले जाते आणि बसून राहण्याची ही सवय पुढे आयुष्यभर सुटत नाही. त्यातून वजन, मधुमेह व हृदयविकाराचा धोका तर वाढतोच, शिवाय शरीराचा तोलही बिघडतो. तोल सांभाळण्यात डोळ्यांचा मोठा वाटा असतो. तो आधार नसलेल्यांना पायांतील बळावर आणि स्नायूंच्या जाणिवेवर अधिक विसंबावे लागते. म्हणजेच ज्या भीतीने व्यायाम टाळला जातो, तो पडण्याचा धोका व्यायाम टाळल्यानेच वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मधील मार्गदर्शक सूचनांत अपंग प्रौढांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. प्रश्न उरतो तो पद्धतीचा. जे डोळ्यांना दिसत नाही, ते कानांना व हातांना कळावे, हे त्याचे साधे उत्तर आहे. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू खुळखुळतो. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये सुरू झालेल्या 'गोलबॉल'मध्ये चेंडूत घंटा असतात, तर मैदानाच्या रेषांखालील दोरी स्पर्शाने जाणवते. मल्लखांब तर मुळातच स्पर्शाचा व्यायाम. मुंबईतील शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी तो अंध मुलामुलींनाही शिकविला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

धावण्यासाठी लागते एक लहानशी दोरी आणि एक डोळस साथीदार. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली सिमरन शर्माने २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा साथीदार अभय सिंह तिच्याबरोबर धावत होता.

पदकाची आकांक्षा नसलेल्यांनाही अशी सोबत उपयोगी पडते. मात्र अंध व्यक्तीला ओढत नेऊ नये. तिला आपले कोपर धरू द्यावे. 'असे करा' म्हणण्याऐवजी 'उजवा गुडघा कमरेइतका वर घ्या' असे नेमके सांगावे. खड्डा, पायरी, वळण यांची सूचना आधीच द्यावी. दृष्टिपटलाचा विकार किंवा काचबिंदू असल्यास जड वजने उचलण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालले, तरी १५० मिनिटे भरतात. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी शेजारच्या अंध व्यक्तीला बरोबर घेतल्यास त्यासाठी वेगळ्या व्यायामशाळेची गरज उरणार नाही.