कोरम भरल्याशिवाय नाही!

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला ज्यांनी एकदा तरी हजेरी लावली आहे, त्यांना ‘कोरम’ म्हणजे काय हे सांगायला नको. पुरेशी डोकी जमल्याशिवाय ठराव नाही. बँकेतल्या नोकरीत मी हा शब्द इतिवृत्तांत कितीदा तरी लिहिला. पण ज्यांना डोकेच नाही असे जीवाणूही हा नियम पाळतात, हे वाचले तेव्हा मी चकित झालो.

हवाई बेटांच्या उथळ समुद्रात माखलीच्या जातीचा एक अंगठ्याएवढा प्राणी राहतो. त्याच्या पोटाकडच्या खास अवयवात ‘व्हिब्रिओ फिशरी’ नावाचे जीवाणू वस्तीला असतात. रात्री ते प्रकाश देतात. तो वरून येणाऱ्या चांदण्यात मिसळतो आणि खालच्या शत्रूला या प्राण्याची सावली दिसत नाही. मात्र समुद्रात एकटा भटकणारा हाच जीवाणू उजेड पाडत नाही.

असे का? प्रत्येक जीवाणू एक रसायन बाहेर सोडत असतो. एकट्याचे रसायन पाण्यात विरून जाते. गर्दी वाढली की ते साचते आणि ठराविक पातळी गाठताच साऱ्यांची जनुके एकदम कामाला लागतात. नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये हे मांडले. १९९४ मध्ये त्याला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळाले. आपल्याकडे सभा अर्धा तास तहकूब करून कोरमविना उरकता येते. जीवाणूंना ही पळवाट नाही!

हा नुसता गमतीचा विषय नव्हे. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेतला ‘स्यूडोमोनास’ आपली संख्या पुरेशी झाली की विषारी द्रव्यांचा मारा वाढवतो. कॉलऱ्याच्या जंतूचा हिशेब उलटा. थोडे असताना तो आतड्याला चिकटून विष सोडतो आणि गर्दी झाली की विष थांबवून पुढच्या माणसाच्या शोधात बाहेर पडतो.

प्रतिजैविके जंतूंना मारतात, पण त्यातून तगलेले चिवट जंतू वाढत जातात. म्हणून शास्त्रज्ञ विचारतात, जंतूंना न मारता त्यांचे बोलणेच बंद पाडले तर? ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे एक लाल शेवाळ असे निरोप बिघडवणारी रसायने खरोखरच तयार करते. पण ही युक्ती अजून आपल्या औषधाच्या दुकानात पोचलेली नाही.

तोवर आहेत ती प्रतिजैविके जपून वापरणे आपल्या हाती आहे. साध्या सर्दीसाठी डॉक्टरांकडे त्यांचा हट्ट धरू नये, एवढा ठराव तरी घराघरात मंजूर व्हावा. त्याला घरातल्या चार माणसांचा कोरम पुरे.