ट्रॅक्टरखाली तेल पडतंय? इंजिन खोलण्याआधी गळती कुठून आहे ते शोधा



सोयाबीनची मळणी चालू आहे आणि तिच्या मागोमाग हरभऱ्याची पेरणी. याच दिवसांत जुन्या ट्रॅक्टरवाल्या सभासदांचे फोन येतात, "खाली तेल पडतंय, मिस्त्री म्हणतो मागचं सील गेलं, ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागेल." पीकसल्ल्यात आज ट्रॅक्टर कसा, असं वाटेल. पण पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर गॅरेजात असला की वापसा निघून जातो, मग बियाणं कितीही चांगलं असू द्या.

मागचं सील म्हणजे क्रँकच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाचं सील. सील स्वस्त असतं, पण तिथे पोहोचायला इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. मजुरी मोठी आणि दोन-तीन दिवस काम बंद. कधी सील खरंच गेलेलं असतं. पण बऱ्याच वेळा तेल निघतं वरून आणि टपकतं खालून. इंजिनावरून ओघळताना फॅनची हवा ते मागे ढकलते, त्यामुळे टॅपेट कव्हरमधून निघालेलं तेल फिरून क्लच हाउसिंगच्या खाली येऊन लोंबतं. थेंब पडतो ती जागा बघून निदान करू नका.

आधी तेल कोणतं ते बघा. रात्री ट्रॅक्टरखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. सकाळी काळा डाग दिसला तर इंजिन ऑइल. तपकिरी-सोनेरी आणि चिकट असेल तर गिअर किंवा हायड्रॉलिकचं. पातळ असेल, वास मारत असेल आणि आजूबाजूची मळी धुऊन निघालेली असेल तर ते डिझेल आहे, पंपाचे आणि नोझलचे पाइप तपासा. क्लच हाउसिंगच्या तळाला बहुतेक ट्रॅक्टरना एक लहान भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे आत आलेलं तेल क्लच प्लेटवर न जाता बाहेर पडावं. तेल पडतंय म्हणून ते भोक बुजवणारेही आहेत, तसं अजिबात करू नका. भोकाच्या आतून काळं तेल येत असेल तर इंजिनाकडचं सील, तपकिरी येत असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं. भोक आतून कोरडं आणि बाहेरून ओलं असेल तर तेल वरून ओघळलंय.

आता मुख्य काम. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने सगळी मळी काढा, मग धुऊन पूर्ण वाळू द्या. डायनामो, स्टार्टर आणि एअर क्लीनरच्या तोंडावर पाणी मारू नका. वाळल्यावर संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरा. मग इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवा, थोडा वेळ स्लोवर, थोडा वेळ रेस वाढवून. बंद करून टॉर्चने वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरीत तेलाची रेघ उठून दिसते. सगळ्यात वरची ओली जागा हीच गळतीची जागा. चालू इंजिनाजवळ उपरणं किंवा सैल बाही फॅनकडे जाणार नाही याची काळजी घ्या.

बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं पॅकिंग सापडतं. जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठभाग साफ करा आणि नवीन बसवा. नट जीव खाऊन आवळू नका, पत्रा वाकला की कव्हर कायमचं गळतं. त्यानंतर फिल्टर. नवीन फिल्टर लावताना जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते, एकावर एक दोन रिंगा होतात आणि तेल धो धो वाहतं. रिंगेला तेलाचं बोट लावा, टेकली की हातानेच पाऊण फेरा, पान्हा नको. ऑइल प्रेशरच्या बटणातून आणि ड्रेन नटच्या जुन्या वॉशरमधूनही तेल येतं. हे सगळं घरच्या घरी होतं.

पण नवीन पॅकिंग लावण्याआधी एक जागा बघाच, ब्रीदर. इंजिनात पिस्टनच्या बाजूने थोडा दाब खाली येतोच, तो बाहेर जायला ब्रीदरचा पाइप किंवा जाळी असते. मळणीचा भुसा, धूळ आणि तेलाची मळी बसून ती तुंबते. मग दाबाला वाट राहत नाही आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकललं जातं, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी. जाळी काढून डिझेलमध्ये धुवायची, एवढंच काम. माझं मत स्पष्ट आहे: ब्रीदर साफ केल्याशिवाय ट्रॅक्टर मधून वेगळा करायला परवानगी देऊ नका.

ब्रीदर साफ करूनही गळती राहिली तर इंजिन गरम झाल्यावर स्लोवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. हलका धूर चालतो. पण भक भक करत जोरात धूर येत असेल तर रिंगा-बोअर झिजलेत, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. अशा इंजिनाला नुसतं नवीन सील टाकणं म्हणजे पैसे वाया. हंगामभर तेल बघत, टाकत चालवा आणि उन्हाळ्यात इंजिनाचं काम एकदाच करा.

जुन्या मॅसीसारख्या पर्किन्स पद्धतीच्या काही इंजिनांत मागचं सील रबराचं नसून दोरीचं असतं. ते थोडं पाझरतंच. रात्रीत एक-दोन थेंब पडले तर घाबरू नका. मात्र भोकातून सतत काळं तेल येत असेल किंवा क्लच घसरत असेल, तर काम टाळू नका. उघडलंच आहे तर क्लच प्लेट, बेअरिंग आणि गिअरबॉक्स शाफ्टचं सीलही त्याच वेळी बघून घ्या.

गळती किती हे कमी समजू नका. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला १०० मिलीच्या वर जातं, दिवसभराच्या मळणीत लिटरभर. म्हणून रोज सकाळी पट्टी बघा. पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. दुधासारखं पांढरं झालं असेल तर पाणी, पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर डिझेल. दोन्हीत इंजिन चालू करू नका.

बाहेरून सिलिकॉन फासू नका. पॅकिंगला जास्त सिलिकॉन लावलं की आतला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिन जाम होण्याची वेळ येते.

मळणी यंत्रावर ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी उभा असतो. सायलेन्सरजवळ तेल ओघळलेलं आणि वर भुसा साचलेला असेल तर आग लागू शकते. सुरू करण्याआधी तो भाग रोज पुसा आणि पाण्याचा ड्रम जवळ ठेवा. काढलेलं जळकं ऑइल विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी ओतू नका, कॅनमध्ये साठवा.

गळती सापडत नसेल तर या मेसेजला उत्तर म्हणून फोटो पाठवा: एक पावडर टाकल्यानंतरचा, एक क्लच हाउसिंगच्या भोकाचा, एक पुठ्ठ्यावरच्या डागाचा. ट्रॅक्टरचं मॉडेल आणि ऑइल कधी बदललं तेही लिहा.