आत्राम हें नांव



रोमच्या इतिहासांत कॉर्नेलियस हें कुलनाम वारंवार भेटतें. हॅनिबलाचा पराभव करणारा सिपिओ या नांवाचा, आणि हुकूमशहा सुल्लाही याच नांवाचा. सुल्लानें दहा हजारांहून अधिक गुलामांना मुक्त केलें, तेव्हां तेही सारे कॉर्नेलियस झाले. नांव एक, पण तें धारण करणारांचीं नशिबें निरनिराळीं.

असें एक नांव आपल्याकडेही आहे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत आत्राम हें नांव राजवाड्यांत आढळतें आणि मोहफुलें वेंचणाऱ्याच्या झोपडींतही. चांद्याचे गोंड राजे आत्राम कुळांतले. खांडक्या बल्लाळशहानें चांदा वसविला असें परंपरा सांगते; राणी हिराईनें तेथें महाकालीचें मंदिर बांधविलें. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनीं हें राज्य घेतलें. अहेरीची जमीनदारी मात्र आत्रामांकडेच राहिली.

गोंडांमध्यें आडनांव ही केवळ ओळख नव्हे, तें गोत्र आहे. प्रत्येक गोत्राच्या देवांची संख्या ठरलेली असते. कोणी चार देवांचे, कोणी सात देवांचे. ज्यांची संख्या सारखी, ते परस्परांचे भाऊ, आणि त्यांच्यांत सोयरीक होत नाहीं. रोममध्यें नांव मालकाकडून गुलामाकडे गेलें; येथें तें बापाकडून लेकराकडे येतें. म्हणून जमीनदार आत्राम व त्याच्या रयतेंतील आत्राम हे रूढीनें भाऊबंदच ठरतात.

मोठ्या नांवाचा हिशेब मात्र सदैव गौरवाचाच नसतो. १८५८ सालीं मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनीं त्यांना पकडून दिलें, आणि २१ ऑक्टोबरला चांद्यास त्यांना फांशी झाली. जप्त झालेला आर्पल्ली व घोट हा मुलूख लक्ष्मीबाईंना मिळाला. शेडमाक्यांचें नांव आज आदरानें घेतलें जातें. त्या बक्षिसाचा उल्लेख करतांना मात्र मन अडखळतें.

जमीनदारी १९५१ सालीं संपली. पुढें १९७७ मध्यें अहेरीचे राजे विश्वेश्वरराव आत्राम चंद्रपुराहून लोकसभेवर गेले, तें सनदेच्या नव्हे तर मतांच्या बळावर.

चंद्रपुरास गेलांत तर हिराईनें बांधविलेली बीरशहाची समाधि अवश्य पाहा. आणि वाटेंत भेटलेल्या एखाद्या शेतमजुरानें आपलें नांव आत्राम म्हणून सांगितलें, तर त्या राजाचें कूळ तेंच याचेंही कूळ, हें ध्यानांत असूं द्या.