रत्नमुठीचा खंजीर : एका वस्तूतील अनेक काळ

मोगल व दख्खनी दरबारांशी संबंधित असे रत्नमुठीचे खंजीर आज देशोदेशींच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील यशबाच्या वस्तूंचा संग्रह प्रसिद्धच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नीलगाईच्या मस्तकाच्या आकाराची यशबी मूठ असलेला एक खंजीर असून त्याचा काळ सुमारे इ. स. १६४० मानला जातो. अशा वस्तूखालच्या चिठ्ठीवर बहुधा एकच काळ लिहिलेला असतो आणि प्रेक्षक तो संपूर्ण वस्तूचा काळ समजून पुढे जातो. परंतु एका खंजिराला एकच काळ असतो, हे गृहीतक कितपत खरे आहे? या प्रश्नाचे उत्तर दरबारी बखरींपेक्षा त्या वस्तूच्या घडणीतच अधिक स्पष्टपणे सापडते. यास्तव ती घडण क्रमाने पाहणे इष्ट ठरेल.

प्रथम एक शब्दभेद स्पष्ट करावयास हवा. मराठीत ‘कट्यार’ व ‘खंजीर’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. शस्त्रांच्या अभ्यासात मात्र ते भिन्न आहेत. कट्यारीची पकड म्हणजे दोन समांतर पट्ट्यांमध्ये बसविलेल्या आडव्या दांड्या होत. ही पकड सहसा धातूचीच असते व पात्याशी पक्की जोडलेली असते. खंजिराचे पाते वक्र असून त्याची मूठ हा एक स्वतंत्र भरीव खंड असतो. त्यामुळे मूठ हस्तिदंताची, स्फटिकाची अथवा यशबाची करता येते आणि रत्नमुठीच्या कलेला खरा वाव खंजिरातच मिळतो.

१. पाते

उत्तम खंजिराचे पाते ज्या पोलादाचे असे, ते दक्षिण भारतात मुशीत तयार होई. कानडीतील ‘उक्कु’ या शब्दावरून त्याला युरोपात ‘वूट्झ’ हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. लोखंडाचे तुकडे व लाकूड-पाला यांसारखे कार्बनयुक्त पदार्थ मातीच्या मुशीत घालून तिचे तोंड लिंपून बंद करीत, दीर्घकाळ प्रखर उष्णता देत आणि मग मूस सावकाश निवू देत. तेलंगणातील कोनासमुद्रम् हे या धंद्याचे एक ख्यातनाम केंद्र होते व तेथील पोलाद इराणपर्यंत जात असे. या पोलादात कार्बनाचे प्रमाण सुमारे दीड टक्का असते. मायकेल फॅरडे यानेही इ. स. १८१९ मध्ये या भारतीय पोलादाचे पृथक्करण केले होते.

असे पोलाद कठीण खरे, पण घडविण्यास अवघड. उष्णता फार वाढली तर ते घणाखाली फुटते. फार कमी झाली तर वाकत नाही. या मर्यादित कक्षेत पुनःपुन्हा तापवून व ठोकून पाते लांबवीत. या क्रियेत लोहकार्बाइडाचे सूक्ष्म कण थरांत रचले जातात. पाते घासून त्यावर हिराकसासारख्या क्षाराची क्रिया केली, की हे थर पाण्यावरील तरंगांप्रमाणे उमटतात. यालाच ‘जौहर’ म्हणतात. पोलादातील व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशाचा या रचनेशी निकटचा संबंध आहे, हे व्हर्होवेन व पेंड्रे प्रभृतींनी इ. स. १९९८ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. जौहर हा वरून काढलेला नक्षीचा प्रकार नसून तो धातूच्या अंतर्रचनेचा आविष्कार आहे.

धातूच्या स्वभावाची ही अडचण दरबारालाही परिचित होती. इ. स. १६२१ मध्ये जालंदरजवळ उल्का पडली. तिचे लोह जहांगिराने उस्ताद दाऊद याच्या स्वाधीन केले. ते घणाखाली टिकेना, तेव्हा उल्कालोहाचे तीन भाग व साध्या लोखंडाचा एक भाग असे मिश्रण करून त्याने दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी घडविली. यांपैकी सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे.

२. मूठ

यशब या नावाखाली दोन भिन्न खनिजे येतात, हे दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने इ. स. १८६३ मध्ये स्पष्ट केले. त्यांपैकी मोगल मुठींचे खनिज मुख्यतः नेफ्राइट हे होय. खोतान प्रदेशातील युरुंगकाश व काराकाश या नद्यांच्या पात्रांतून त्याचे गोटे मिळत.

नेफ्राइटचा काठिण्यांक ६ ते ६.५ आहे, म्हणजे काठिण्यात तो गारेहूनही किंचित उणा. तथापि गारेच्या मानाने तो फोडणे कितीतरी अवघड आहे. त्याचे सूक्ष्म तंतू नमद्याप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे त्यात पडलेली भेग सहज पुढे सरकत नाही. काठिण्य व चिवटपणा हे दोन भिन्न गुण आहेत, याचे हे नमुनेदार उदाहरण होय. हातातून पडण्याची नित्य शक्यता असलेल्या वस्तूसाठी हाच दगड का पसंत केला गेला, याचा उलगडा सौंदर्यदृष्टीइतकाच या गुणाने होतो.

मात्र यशब छिन्नीने कोरता येत नाही. तो झिजवावा लागतो. कुरुंदाचे चूर्ण लाखेत मिसळून केलेली साण, कमानीच्या दोरीने फिरणारी चाके व पोकळ नळीचे सामते ही रत्नशिल्प्याची मुख्य साधने. दगडाला आकार देतो तो चाकाचा धातू नव्हे, तर त्याच्या कडेशी धरलेले चूर्ण. घोड्याच्या आयाळीतील एकेक रेषा अशा घर्षणातूनच उमटते. ती चुकल्यास दुरुस्तीस वाव नाही.

३. कोंदण

मुठीवर माणके-पाचू बसविण्यासाठी दगडात खळगे व बारीक चर खोदतात. चरांच्या कडा आतून किंचित रुंद ठेवतात, म्हणजे दाबलेले सोने बाहेर निसटत नाही. मराठीतील ‘कोंदण’ व हिंदीतील ‘कुंदन’ या शब्दांमागे जी क्रिया आहे, तिचे मर्म सोन्याच्या शुद्धतेत आहे. हिणकस अंश पूर्णपणे काढून टाकलेल्या सोन्याचे पातळ वर्ख केवळ दाबाने एकमेकांत मिसळून जातात; डाख लागत नाही की आच लागत नाही. या सोन्याच्या मार्दवाचा उल्लेख अबुल फजलने आईन-इ-अकबरीतही केला आहे. दगड न तापविता त्यावर जडाव करता येणे, ही यशबाच्या दृष्टीने मोठीच सोय होती. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की पूर्ण झालेल्या जुन्या मुठीवरही पुढे केव्हाही नवा जडाव करणे शक्य होते.

४. सांधा

पाते मुठीला जोडण्याची रीत हा या विवेचनाचा मध्यबिंदू आहे. लाकडी मुठीच्या सुरीत पात्याचा मागील भाग मुठीतून आरपार नेऊन खिळ्यांनी पक्का करता येतो. दगडी मुठीत तसे करणे म्हणजे ती दुबळी करणे होय. म्हणून मुठीच्या तोंडाकडून एक आंधळे छिद्र कोरतात, त्यात पात्याचा आखूड निमुळता भाग शिरवितात आणि उरलेली पोकळी वितळलेल्या लाखेने भरतात. लाख निवताना घट्ट होते, पोलाद व दगड यांच्यामध्ये राहून धक्का काही अंशी पचविते आणि दोहोंपैकी कशालाही इजा करीत नाही.

अशी जोडणी दरबारी वापरास पुरेशी आहे. पण लाख मंद उष्णतेने पुन्हा मऊ होते. पाते गंजले, मोडले अथवा धन्याच्या मनातून उतरले, तर शिकलगाराने ते बेताने तापवून काढावे व दुसरे बसवावे, यात कोणतीही अडचण नव्हती. मूठ हे मौल्यवान अंग, पाते हे बदलता येणारे अंग, असा हा संबंध आहे. सांधा मुळातच सोडविता येण्याजोगा असल्यामुळे मूठ व पाते एकाच काळाचे आहेत, असे पुराव्याशिवाय म्हणता येत नाही.

५. म्यान

म्यान पात्याच्या मापाने होते, मुठीच्या नव्हे. पातळ लाकडाच्या दोन फाका आतून कोरून, पात्याचे वळण सांभाळून एकमेकींस चिकटवितात व वर मखमल अथवा कातडे चढवितात. तोंडाशी ‘मुहनाल’ व टोकाशी ‘तहनाल’ ही धातूची किंवा यशबाची टोपणे येतात. पाते बदलले की जुने म्यान निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. टोपणे मात्र नव्या लाकडावर चढविता येतात. मखमल तर सर्वांत अल्पायुषी. तिच्या रंगात कृत्रिम ॲनिलीन रंग आढळल्यास ते आवरण इ. स. १८५६ नंतरचे, हे निश्चित. कारण पर्किनने असा पहिला रंग त्या वर्षी शोधला. परंतु एवढ्यावरून आतील लाकूड किंवा मूठ अर्वाचीन ठरत नाही.

६. अभ्यासाची दिशा

ही विविधता केवळ नंतरच्या दुरुस्त्यांमुळे आलेली नाही. ती निर्मितीतच आहे. जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात पूरन व कल्याण या उस्तादांनी घडविलेल्या खंजिराच्या मुठींचा गौरव केला आहे. त्याच ठिकाणी पाते, म्यान व बंद यांची कामे आपापल्या कलेत अद्वितीय अशा निरनिराळ्या कारागिरांकडे सोपविल्याचेही तो सांगतो. अर्थात, राजाच्या डोळ्यांसमोर तयार झालेला खंजीरही एका हाताची कृती नव्हता.

यावरून वर्णनाची एक पद्धत निष्पन्न होते. पाते, मूठ, जडाव, म्यानाचे लाकूड, आवरण व टोपणे यांची नोंद स्वतंत्रपणे व्हावी आणि प्रत्येकाच्या काळाचा आधार वेगळा सांगावा. क्ष-किरण चित्रात मुठीतील छिद्र पात्याच्या मागील भागापेक्षा बरेच मोठे दिसल्यास पाते बदलले असल्याची शंका घ्यावी. जडावाचे चर कोरीव पानांच्या रेषा तोडून जात असतील, तर जडाव नंतरचा मानण्यास आधार मिळतो. पाते म्यानात सैल बसते की अडते, हे पाहण्यास तर कोणतेही यंत्र लागत नाही. पात्यावरील लेखातील सन हा त्या लेखाचा सन होय. तो मुठीला लावू नये.

अशा नोंदीमुळे एखाद्या प्रसिद्ध खंजिरावरील बादशहाचे नाव कदाचित एका मुठीपुरतेच उरेल. हे नुकसान नव्हे. बादशहाच्या एका नावाखाली झाकून गेलेले मूस लावणारे, लोहार, रत्नशिल्पी, जडावकार, म्यान करणारे व शिकलगार त्या वस्तूत पुन्हा वेगवेगळे दिसू लागतात. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचे लेख म्हणजे पात्यावरचे थर, दगडावरचे चर आणि मुठीतली लाख. ते वाचल्यावाचून वस्तूचा इतिहास लिहिणे म्हणजे केवळ तिच्या शेवटच्या धन्याचा इतिहास लिहिणे होय.