लढाईनंतर उरलेले घोडे

घोडा हा दीर्घायुषी प्राणी आहे. पोटभर चारा आणि बरी निगा मिळाली तर तो २५ ते ३० वर्षें जगतो; परंतु जड कामास उपयोगी पडण्याचीं त्याचीं वर्षें त्याहून पुष्कळच थोडीं असतात. काम सरतें, भूक मात्र सरत नाहीं. नकोशा झालेल्या घोड्यांच्या प्रश्नाचें मूळ या विषमतेंतच आहे. धन्याला जड झालेल्या अशा जनावरांची सोय लावण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न ईजिप्तमध्यें, कायरो शहरीं झाला.

पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपलें. पॅलेस्टाईनच्या मोहिमेंत ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन घोडदळांबरोबर हिंदी स्वारही लढले होते. त्या वर्षींच्या २३ सप्टेंबर रोजीं हैफा शहर जोधपूर व म्हैसूर येथील स्वारांनीं जिंकलें. युद्ध संपल्यावर माणसें मायदेशीं परतलीं, घोडे मात्र बहुतेक परतले नाहींत. त्यांना जहाजांतून नेण्याचा खर्च मोठा होता, आणि ऑस्ट्रेलियाला त्यांच्याबरोबर रोग येण्याचीही भीति होती. कांहीं घोडे गोळ्या घालून मारण्यांत आले, कांहीं दुसऱ्या पलटणींकडे गेले, आणि हजारों घोडे ईजिप्तमध्यें विकले गेले. कालपर्यंत लष्करी चंदी खाणारीं तीं जनावरें दगडांच्या व मालाच्या गाड्या ओढूं लागलीं.

श्रीमती डॉरोथी ब्रुक या इंग्रज बाई १९३० सालीं आपल्या सेनापति पतीबरोबर कायरोस आल्या. रस्त्यांतून हिंडतांना हाडें वर आलेल्या घोड्यांच्या अंगावर त्यांना लष्करी बाणाचा डाग दिसूं लागला. १९३१ सालीं त्यांनीं लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रांत ही हकीकत प्रसिद्ध केली. वाचकांनीं पैसे पाठविले, एक समिति उभी राहिली, आणि सुमारें तीन वर्षांत ५,००० घोडे विकत घेण्यांत आले.

परंतु घोडा विकत घेतला म्हणजे तो वांचला असें होत नाहीं. युद्धांत पांच वर्षांचा असलेला घोडा आतां विशीच्या घरांत आला होता. कित्येक आंधळे होते, कित्येकांचे पाय कायमचे गेले होते. अशांना कांहीं काळ स्वच्छ तबेला, भुशाची मऊ गादी आणि पोटभर खाणें देऊन शेवटीं वेदना न होऊं देतां मारण्यांत येई. ज्यांना नवें घर देणें म्हणजे निव्वळ यातना लांबविणें होतें, त्यांच्यावर करण्यासारखा तेवढाच उपकार शिल्लक होता. दयेच्या कामांत हा निर्णय सर्वांत कठीण असतो, व तो टाळणारा मनुष्य जनावराचा नव्हे, स्वतःच्या मनाचा विचार करीत असतो.

जो घोडा बरा होण्याजोगा असेल त्याच्या बाबतींतही घाई चालत नाहीं. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्यापुढें एकदम चंदीची तोबरी धरली, तर रक्तांतील क्षारांचा समतोल बिघडून तो मरूंही शकतो. म्हणून बेताचा चारा दिवसांतून अनेक वेळां थोडाथोडा द्यावा लागतो. दांत टोंचत असतील तर ते घांसावे लागतात, वाढलेले खूर नालबंदाकडून क्रमाक्रमानें सरळ करून घ्यावे लागतात, आणि साजानें पडलेल्या जखमा भरेपर्यंत पाठीवर कांहीं घालतां येत नाहीं. यानंतर कोठें नव्या धन्याचा शोध. त्याच्याजवळ जागा आहे कीं नाहीं, आणि काम नसलेल्या दिवसांतही चाऱ्याचा खर्च त्याला पेलेल कीं नाहीं, हें पाहिल्याखेरीज दिलेला घोडा पुन्हां बाजारांत उभा राहण्यास वेळ लागत नाहीं.

कायरोच्या कामांत आणखी एक गोष्ट उघड होती. घोडा विकणारा गाडीवान बहुधा दुष्ट नव्हे, दरिद्री होता. घोडा गेला तरी पोट राहिलें; म्हणून तो दुसरें जनावर आणणार, आणि औषधपाण्यावांचून तेंही त्याच मार्गानें जाणार. यासाठीं १९३४ सालीं कायरो येथें वृद्ध युद्धाश्वांच्या स्मरणार्थ रुग्णालय स्थापन झालें व गरिबांच्या जनावरांवर मोफत उपचार होऊं लागले. श्रीमती ब्रुक १९५५ मध्यें वारल्या. त्यांच्या नांवाची संस्था पुढें अनेक देशांत पसरली, आणि हिंदुस्थानांत वीटभट्ट्यांवरील घोड्या-खेचरांपर्यंतही पोंचली.

मुंबईलाही हा प्रश्न अपरिचित नाहीं. तेथील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरांत बंद करण्याचा निकाल उच्च न्यायालयानें जून २०१५ मध्यें दिला, तेव्हां गाड्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा विचारही त्याबरोबरच करावा लागला. गाडी बंद करण्यास एक हुकूम पुरतो. घोड्याला मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळींही चारा लागतो. तो कोण घालणार, हें आधीं ठरवावें लागतें.